पत्र्याचा घडीचा सापळा: अठरा वर्षं वापरल्यावर

घडी घातली की हा सापळा दोनशे पानी वहीएवढा होतो. उघडला की तीन इंच रुंद, साडेतीन इंच उंच आणि नऊ इंच लांब असा अ‍ॅल्युमिनियमचा बोगदा. आत पाय ठेवायला एक पाटी, पुढे स्प्रिंगचं दार, मागे आमिष ठेवायला दुसरं दार. फ्लोरिडातले प्राणिशास्त्रज्ञ एच. बी. शर्मन यांनी हा नमुना बनवला, म्हणून जगभर याला शर्मन म्हणतात. उंदीर, चिचुंद्री असे छोटे सस्तन प्राणी जिवंत पकडायचे, मोजायचे आणि सोडून द्यायचे, यासाठी तो आहे.

मी सत्तावीस वर्षं एका निसर्ग-इतिहास संग्रहालयात सस्तन प्राण्यांचा संग्रह सांभाळला. पहिली नऊ वर्षं तारेच्या पिंजऱ्यांवर काढली आणि पुढची अठरा या सापळ्यावर. आता निवृत्त झाले. पण दर पावसाळ्यानंतर कुणीतरी विद्यार्थी विचारतोच, "मॅडम, शर्मन घेऊ की पुण्याच्या बोहरी आळीतले तारेचे पिंजरे?" या वर्षी विचारणाऱ्या मुलीला सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) उंदरांवर पीएच.डी. करायची आहे. तिला फोनवर जे सांगितलं ते तुटक होतं, म्हणून इथे नीट लिहिते.

आमचे सापळे परदेशातून आणलेले नाहीत. त्या नमुन्यावरून एका वर्कशॉपमध्ये साठ बनवून घेतले. त्या वर्कशॉपचं नाव मी लिहिणार नाही, कारण पुढे त्यांनी चूक दुरुस्त करून दिली. पहिल्या खेपेला त्यांनी पत्रा जाड वापरला. मजबूत होईल असं त्यांना वाटलं असणार. पण पाटी इतकी जड झाली की दहा-बारा ग्रॅमचा शेतउंदीर तिच्यावरून चालत जाई, आमिष खाई आणि आल्या वाटेने परत जाई. सकाळी दार उघडंच, आमिष गायब, पाटीवर तीन-चार लेंड्या. सलग चार रात्री आम्ही उंदरांना शेंगदाण्याचा कूट खाऊ घातला. शिवाय दाराच्या कडा घासलेल्या नव्हत्या. त्या कडेवर नाक आपटून रक्त आलेला एक उंदीर मिळाला तेव्हा मी सगळे साठ परत नेले. म्हणून पहिली सूचना: एकच नमुना बनवून घ्या, त्याच्या पाटीच्या पुढच्या टोकाला दहा ग्रॅमचं वजन ठेवून पाहा, दार पडलंच पाहिजे. मग बाकीच्यांची ऑर्डर द्या.

चांगल्या बनावटीच्या सापळ्यात दाराला धरून ठेवणारी पत्र्याची एक लहान जीभ असते. ती किंचित मागेपुढे सरकवली की सापळा हलका किंवा जड होतो. दररोज लावण्याआधी प्रत्येक सापळा बोटाने टिचकी मारून तपासावा लागतो. साठ सापळ्यांना पाऊण तास लागतो. कंटाळा करून चालत नाही.

सोयीचं म्हणाल तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला मिळालं नाही. तारेचे वीस पिंजरे न्यायचे तर जीपचं मागचं सगळं सीट जायचं आणि चढावर दोन माणसं लागायची. हे साठ सापळे दोन पाठपिशव्यांत बसतात. दहा-दहा मीटरवर एक असे रांगेत संध्याकाळी लावायचे, पहाटे उजाडायच्या आत पाहायचे, दिवसा बंद ठेवायचे. बंद ठेवायचे हे ठळकपणे सांगते. उन्हात पत्रा तापतो आणि सकाळी नऊनंतर आत अडकलेला जीव भाजून मरतो.

थंडीतही तेच. आमच्याबरोबर वीस वर्षं रानात हिंडलेले एक मामा होते. त्यांनी पहिल्यांदा सापळा हातात घेतला, पत्र्याला गाल लावला आणि म्हणाले, "बाई, ह्यो डबा लय गार हाय. आत काय तरी घाला, न्हाईतर रातीत जीव जाईल त्याचा." मी मान डोलावली आणि त्या रात्री घातलं नाही. डिसेंबर होता, महाबळेश्वरजवळचं पठार, दवाने गवत भिजलेलं. पहाटे अकरा नंबरच्या सापळ्यात एक छोटा उंदीर सापडला. मागच्या दाराला पाठ टेकून, शेपूट अंगाभोवती गुंडाळून, दोन्ही पुढचे पंजे पोटाखाली घेतलेले. हातात घेतला तर अजून मऊ होता, पण गार. ओंजळीत धरून श्वास देत बसले, काही झालं नाही. त्या सकाळी असे तीन गेले.

तिन्ही आज संग्रहात आहेत. लेबलवर जागा, उंची, तारीख, मापं आणि शेवटी "सापळ्यात थंडीने मृत" असं लिहिलं आहे. त्या दिवसापासून प्रत्येक सापळ्यात मूठभर सुकं गवत किंवा सावरीचा कापूस गेला, आणि वरून पेंढा किंवा पालापाचोळा. मामांना मी त्याच सकाळी जाऊन सांगितलं की तुमचं ऐकायला हवं होतं. ते म्हणाले, "आता ऐका म्हंजे झालं."

चिचुंद्रीचं दुखणं वेगळं. ती उंदीर नाही, कीटकभक्षी आहे, आणि तिची भूक फार मोठी. संध्याकाळी आठला अडकली तर पहाटेपर्यंत उपाशी राहू शकत नाही. त्या भागात चिचुंद्र्या असतील तर रात्री बाराला एक फेरी हवीच, आणि कुटाबरोबर सुकटही ठेवा. मुंग्यांचं वारूळ जवळ असेल तर सापळा दोन मीटर बाजूला सरकवा. पत्र्याच्या डब्यातून जीवाला पळता येत नाही.

आमिषाबद्दल परदेशी लेखांत ओट आणि पीनट बटर असतं. आमच्याकडे भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट, थोडं ज्वारीचं पीठ आणि गोळा होईल इतकं गोडेतेल पुरतं. भजी मात्र नको. पिंजऱ्यात आकड्याला टोचायला ती बरी, पण या सापळ्यात पाटीखाली तुकडे अडकतात आणि तिसऱ्या दिवशी पाटी हलत नाही.

आता कोण सापडतं आणि कोण नाही. या सापळ्याची खरी परीक्षा इथे आहे, आणि विकणारा हे कधी सांगत नाही.

शेतउंदीर आणि इतर लहान उंदीर यात उत्तम येतात. बारामतीकडच्या ज्वारीच्या काळ्या रानात, जमिनीच्या भेगांतून राहणारा मऊ केसांचा मिलार्डिया मेल्टाडा भरपूर मिळतो. (या नावातला पहिला शब्द बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्यावरून, आणि दुसरा वडार लोकांच्या बोलीतल्या "मेट्टाडे" या शब्दावरून. शेतात उंदीर धरणाऱ्या माणसांचा शब्द शास्त्रीय नावात बसला याचा मला फार आनंद वाटतो.) झाडावर राहणारा लांब शेपटीचा वँडेल्युरिया उंदीर जमिनीवरच्या सापळ्यात क्वचितच येतो, त्यासाठी सापळा सुतळीने फांदीला आडवा बांधावा लागतो. शेपटीला काळा गोंडा असलेला जर्बिल नावाचा उंदीर आत शिरतो, पण त्याची शेपूट दारात सापडू शकते. एकदा शेपटीची कातडी सोलवटलेली पाहिल्यावर जर्बिलच्या रानात मी लांब आकाराचाच सापळा वापरायला लागले. आणि घूस? घूस यात मावत नाही. मोठा काळा उंदीरही तोंड घालून पाहतो आणि निघून जातो. त्यांना आपला तारेचा पिंजराच हवा.

उलट तारेच्या पिंजऱ्यात छोटा उंदीर शिरला तरी जाळीतून अंग बारीक करून बाहेर येतो. मी तो माझ्या डोळ्यांनी बाहेर येताना पाहिला आहे. आधी मिशा, मग डोकं, एक क्षण खांदे अडकलेले, आणि मग सगळा उंदीर पाण्यासारखा जाळीतून ओघळला.

हे मला नऊ वर्षं माहीत नव्हतं, असं नाही. पण त्याचा अर्थ कळला नव्हता. भोर तालुक्यात आमच्या तीन जागा ठरलेल्या होत्या, दरवर्षी त्याच महिन्यात चार-चार रात्री. दहाव्या वर्षी पिंजऱ्यांऐवजी हे नवे सापळे नेले. त्या वर्षी शेतउंदीर एकदम चौपट मिळाले आणि मोठे उंदीर जवळजवळ नाहीसे झाले. आदल्या वर्षी पाऊस चांगला होता. मी त्याच्याशी धागा जोडला, गवत वाढलं, बी वाढलं, लहान उंदीर वाढले. निबंधाचा कच्चा मसुदाही लिहिला. तो मसुदा वाचून संग्रहालयातल्या माझ्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी एकच प्रश्न विचारला: "सापळे तेच होते ना?"

नोंदवही काढली. नऊ वर्षांच्या पानांवर मी रकान्यात फक्त "सापळे २०" लिहिलं होतं. कुठला सापळा हे कुठेही नाही. मला आठवत होतं म्हणून कळलं; माझ्यानंतर ती वही उघडणाऱ्याला काहीच कळलं नसतं. उंदीर बदलले नव्हते, मी सापळा बदलला होता. मसुदा मी बाजूला ठेवला, आणि त्या नऊ वर्षांच्या प्रत्येक पानावर शाईने "तारेचा पिंजरा, एक-दारी" असं लिहून सही आणि तारीख टाकली.

नंतर बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या संग्रहालयाचं काम वाचलं तेव्हा धीर आला. १९०८ मध्ये अ‍ॅनी अलेक्झांडर यांच्या पुढाकाराने आणि पैशाने ते संग्रहालय उभं राहिलं आणि जोसेफ ग्रिनेल त्याचे पहिले संचालक झाले. १९१४ ते १९२० या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योसेमिटीच्या परिसरात, डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सापळे लावले आणि पानंच्या पानं टिपणं लिहिली. ग्रिनेल यांचं म्हणणं होतं की या संग्रहाची खरी किंमत कदाचित शंभर वर्षांनी कळेल. झालं तसंच. एकविसाव्या शतकात त्याच संग्रहालयाचे लोक त्याच जागांवर परत गेले. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: लहान सस्तन प्राण्यांच्या २८ जातींपैकी निम्म्यांच्या राहण्याच्या उंचीच्या सीमा वर सरकल्या होत्या, सरासरीने सुमारे ५०० मीटर. ऊब वाढते तसे उंदीर डोंगर चढतात, हे इतक्या ठामपणे सांगता आलं ते त्या जुन्या वह्यांमुळे.

आणि त्यांच्याही पुढे माझाच प्रश्न होता. ग्रिनेल यांच्या माणसांनी मारणारे चाप वापरले होते, नव्यांनी जिवंत पकडणारे सापळे. दोन्हींत प्राणी सापडण्याची शक्यता सारखी नसते. पण जुन्या वह्यांत कुठल्या रात्री किती सापळे लावले हे लिहिलेलं होतं, त्यामुळे "दिसला नाही" आणि "नव्हताच" यांतला फरक गणिताने काढता आला. म्हणजे आज तुम्ही विकत घेतलेला सापळा हा शंभर वर्षांनंतरच्या कुणाच्या तरी गणितातला एक आकडा असतो. तो लिहून ठेवा.

आपल्याकडेही असा खजिना आहे. १९११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतातल्या सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण सुरू केलं आणि त्याचा पहिला प्रदेश होता आपला खानदेश. संग्राहक होते सी. ए. क्रम्प. निवृत्त वनाधिकारी रॉटन लंडनमध्ये बसून त्या कातड्या आणि कवट्या अभ्यासत आणि अहवाल लिहीत. त्या काळातली कातडी हातात घेताना मी हातमोजे घालते, कारण तेव्हा कातडी टिकवायला आर्सेनिक वापरत. पण मोज्यातूनही कळतं की शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी कापूस किती नीट भरला आहे, शेपटीतली तार किती सरळ आहे, आणि उजव्या मागच्या पायाला बांधलेल्या दोऱ्याची गाठ अजून सुटलेली नाही. मी पाहिलेल्या लेबलांवर गाव आहे, तारीख आहे, मापं आहेत. सापळा कुठला, ते नाही. तेवढं असतं तर खानदेशातल्या त्याच गावांत आज जाऊन बरंच काही ठामपणे सांगता आलं असतं.

आता काही जण विचारतील, जिवंत पकडून सोडून द्यायचं तर संग्रहालयाचा काय संबंध? माझं मत स्पष्ट आहे. सगळे ठेवू नयेत, पण परवानगीने, मोजके, नीट जतन केलेले नमुने ठेवलेच पाहिजेत. नुसत्या फोटोवरून मऊ केसांच्या दोन जाती वेगळ्या करता येत नाहीत. दात आणि कवटी पाहावी लागते. सिंहगडावरचा कोंडाणा उंदीर, मिलार्डिया कोंडाणा, मिश्रा आणि धांडा यांनी १९७५ मध्ये वेगळी जात म्हणून मांडला. आपण भजी-पिठलं खायला ज्या गडावर जातो तिथलं हे जनावर, आणि शास्त्राला त्याची ओळख पन्नास वर्षांपूर्वी झाली, तीही कुणीतरी नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणून.

आणि दुसरं कारण अमेरिकेतलं, १९९३ सालचं. न्यू मेक्सिकोच्या आसपास तरुण धडधाकट माणसं फुफ्फुसात पाणी भरून मरायला लागली. हंताविषाणू निघाला, डिअर माऊस नावाच्या उंदरातून येणारा. विषाणू नवा, कुठून आला, असे प्रश्न उठले. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संग्रहालयात टेरी येट्स यांनी आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं उंदरांच्या ऊती गोठवून ठेवल्या होत्या, कुठल्याही साथीचा विचार मनात नसताना. त्या तपासल्यावर कळलं की विषाणू साथीच्या आधीपासून त्या उंदरांत होताच. बदलली होती ती उंदरांची संख्या: भरपूर पाऊस, भरपूर खाणं, उंदीर अनेक पटींनी वाढले आणि घरांत शिरले. सापळ्यांच्या नोंदी होत्या म्हणून ती वाढ दाखवता आली, आणि फ्रीझर होता म्हणून विषाणूचं वय सांगता आलं. येट्स यांच्या कामाबद्दल वाचताना मला नेहमी वाटतं, त्यांच्या फ्रीझरमधल्या प्रत्येक नळीच्या आधी कुणीतरी पहाटे एक पत्र्याचं दार हळूच उघडलं असणार.

आपल्याला हे परकं नाही. १८९६ चा मुंबईचा प्लेग घराघरात ऐकलेला आहे, आणि १९५७ मध्ये शिमोग्याकडे सापडलेला क्यासनूरचा ताप (माकडताप) गोचिडांतून गेल्या दशकात सिंधुदुर्गापर्यंत आला. म्हणून सापळ्याबरोबर हातमोजे, मास्क आणि लांब बाह्यांचा शर्ट हे सामान समजूनच खरेदी करा. मोहिमेनंतर सापळे ब्लीचच्या पाण्यात बुडवून, स्वच्छ धुऊन, उन्हात उघडे वाळवायचे. अ‍ॅल्युमिनियम असल्याने गंजत नाही, हा या सापळ्याचा मोठा गुण. तारेचे पिंजरे दोन पावसाळ्यांत तांबडे होतात. मात्र स्प्रिंग आणि कड्या लोखंडी असतील तर त्यांना तेलाचा हात हवा, आणि तेल वास न येणारं.

तर माझा सल्ला. पैसे मर्यादित असतील तर घडीचे चाळीस आणि तारेचे पंधरा घ्या, एकाच प्रकारचे पंचावन्न नकोत. दोन्ही एकाच रांगेत आलटून-पालटून लावा. प्रत्येकावर पंचने नंबर ठोकून घ्या. मार्करचे नंबर धुतले जातात. वहीत रोज रात्री: तारीख, जागा, उंची, सापळ्याचा प्रकार आणि माप, किती लावले, किती दारं विनाकारण पडली, आमिष काय होतं. विनाकारण पडलेली दारं वजा करायला विसरू नका, त्या रात्री तो सापळा कामावर नव्हताच. वनखात्याची परवानगी हातात आल्याशिवाय एकही दार उघडायचं नाही.

आमच्या साठपैकी सत्तावन्न अजून चालू आहेत. एक गाईने तुडवला, एक ओढ्याच्या पुरात गेला, एक मामांनी मागून घेतला आणि त्यांच्या घरी पणतूला दाखवायला ठेवला आहे. बाकीचे पुढच्या आठवड्यात ही मुलगी संग्रहालयातून उसने नेणार आहे. तिच्यासाठी एवढंच: चौदा नंबरचं मागचं दार सैल आहे, त्याला रबर लाव. सदतीस नंबरची पाटी उजवीकडे जड आहे. आणि कापसाची पिशवी कपाटात सगळ्यात खाली, निळ्या डब्यात आहे.